डबा रिकामा जाता कामा नये

"डबा रिकामा द्यायचा नाही," लीलावतीबाई म्हणाल्या, आणि परीक्षित सरपोतदारच्या ईस्टरच्या सुट्टीचा निकाल तिथेच लागला. तेव्हा अजून डिसेंबर चालू होता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

डबा शेजारच्या ग्लेनिसचा होता. गोल, पत्र्याचा, झाकणावर बर्फात बसलेला लाल छातीचा पक्षी. नाताळच्या आधी ग्लेनिसने त्यात घरी केलेले गोड मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याचं सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्री, घालून दिले होते. ते संपले. डबा घासून, पुसून ओट्यावर उभा राहिला आणि परीक्षित तो परत द्यायला निघाला, तेवढ्यात आईने हे वाक्य टाकलं.

"आई, इथे तसं नसतं," परीक्षित म्हणाला. "इथे डबा द्यायचा, थँक्यू म्हणायचं, हवेबद्दल एक वाक्य बोलायचं आणि निघायचं. उलट काही दिलं की लोकांना ऑकवर्ड होतं."

"होऊ दे," लीलावतीबाई म्हणाल्या आणि डब्यात बेसनाचे एकवीस लाडू रचले.

परीक्षितला मिल्टन कीन्समध्ये येऊन बारा वर्षं झाली होती आणि इंग्रज माणूस आपल्याला आतून-बाहेरून कळला आहे, असा त्याचा समज होता. ऑफिसात तो 'चीअर्स' म्हणायचा, रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहायचा आणि कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणायचा. एकच गोष्ट त्याला जमली नव्हती, ती म्हणजे इंग्रजासारखी सुट्टी घेणं. त्याच्या सुट्ट्या पुण्याच्या लग्नांत जायच्या, नाहीतर पुण्याहून आलेल्यांना लंडन दाखवण्यात. गेल्या दहा वर्षांत त्याने लंडनचा पूल चौदा वेळा पाहिला होता, दर वेळी वेगळ्या नातेवाइकांबरोबर.

यंदा मात्र त्याने मनावर घेतलं होतं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते, दहा वर्षांची दिया त्यांच्यापाशी राहणार होती, आणि ईस्टरच्या चार दिवसांसाठी परीक्षित आणि त्याची बायको अक्षया, दोघंच, कॉर्नवॉलला जाणार होते. कड्यावरचं हॉटेल, खिडकीत समुद्र, नाश्ता खोलीत. मुलांना प्रवेश नाही. ते वाक्य त्याने अक्षयाला दोनदा वाचून दाखवलं होतं. लग्नानंतर दोघं एकटे कुठे गेलेच नव्हते आणि ही गोष्ट अक्षया बोलून दाखवत नसे, म्हणून ती जास्त टोचत असे.

इकडे डबा चार दिवसांत परत आला. त्यात केक होता.

"बघ! कुठे झालं ऑकवर्ड?" लीलावतीबाई म्हणाल्या.

झालं होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. ग्लेनिस आणि तिचा नवरा क्लाइव्ह हे निवृत्त जोडपं सभ्य होतं, आणि सभ्य इंग्रज माणूस कुणाचं ऋण अंगावर ठेवून झोपू शकत नाही. केकच्या बदल्यात चकल्या गेल्या, चकल्यांच्या बदल्यात मोसंबीचा मुरंबा आला, मुरंब्याच्या बदल्यात पुरणपोळ्या चार घड्या घालून गेल्या. आता पुरणपोळीच्या तोलामोलाचं काही त्या स्वयंपाकघरात नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी डबा आला तो अगदी हलका. आत पाच तिकिटं होती, नाताळातल्या पँटोमाइमची, म्हणजे मुलांच्या गमतीच्या नाटकाची.

म्हणून सगळे गेले. स्टेजवर म्हातारीचं काम पुरुष करत होता आणि खलनायक आला की अख्खं थिएटर ओरडत होतं. परीक्षितचे वडील, ज्ञानेश्वरराव, वीज मंडळात छत्तीस वर्षं कुणाला मोठ्याने बोलले नव्हते. ते खुर्चीवरून उठून "अरे मागे बघ, मागे बघ मूर्खा!" असं मराठीत इतक्या कळकळीने ओरडले की पुढच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आता नाटकाला नाटकच द्यायला हवं," बाहेर पडताना लीलावतीबाई म्हणाल्या.

जानेवारीत हॅरोला महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तीन अंकी कौटुंबिक नाटक होतं. डब्यात तिळगूळ आणि दोन तिकिटं गेली. क्लाइव्ह टाय लावून आला. तीन तास तो ताठ बसला, लोक हसले की हसला, आणि मध्यंतरात अनोळखी बायकांनी दिलेले सहा बटाटेवडे त्याने नाही न म्हणता खाल्ले. कारण नाही म्हणणं उद्धटपणाचं होतं, आणि दोनदा नाही म्हटलं तरच ते खरं 'नाही' धरतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये डबा खुळखुळत आला. आत किल्ली होती.

"त्यांची कॅरावॅन आहे म्हणे, चाकांवरचं घर, स्केग्नेसला, समुद्राजवळ," लीलावतीबाई आनंदाने म्हणाल्या. "ईस्टरला आपण सगळ्यांनी तिथे राहायचं. मी हो म्हणून सांगितलंय."

परीक्षितने चहाचा कप खाली ठेवला. "ईस्टरला आम्ही कॉर्नवॉलला चाललोय, आई."

"मग जा की. आम्ही तिघं जातो कॅरावॅनला."

"जाणार कसे? गाडी कोण चालवणार?"

लीलावतीबाईंनी मुलाकडे मायेने पाहिलं. अक्षयानेही त्याच्याकडे पाहिलं, पण त्यात माया नव्हती.

"स्वतःची किल्ली दिली रे तिने," लीलावतीबाई म्हणाल्या. किल्ली देणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. पुण्याच्या बंद फ्लॅटची किल्ली त्या कमरेच्या बटव्यात घालून इंग्लंडला घेऊन आल्या होत्या. समोरच्या सुप्रभाकाकूंनी कुंड्यांना पाणी घालण्यासाठी मागितली होती, तरी दिली नव्हती.

रविवारी सकाळी परीक्षित रिसायकलिंगच्या कचऱ्याचं बिन बाहेर काढत होता. पलीकडे क्लाइव्ह त्याचं बिन काढत होता. हवेबद्दलचं वाक्य झालं. मग क्लाइव्हने घराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या आईच्या मनात पुढे काय आहे?"

"माहीत नाही," परीक्षित म्हणाला. "पण किल्लीपेक्षा मोठं असणार."

क्लाइव्हने डोळे मिटले. "मी त्या नाटकाला तीन तास बसलो, परीक्षित. मला अजून कळलं नाही की त्या काकांनी घर सोडलं का."

"सोडलं होतं. दुसऱ्या अंकात परत आले."

"हो का? बरं झालं."

बारा वर्षांत दोघं पहिल्यांदाच खरं बोलले होते. दोघांचं एकमत झालं की या बायकांना थांबवता येणार नाही, डब्याला थांबवता येईल. डबा नाहीसा झाला की परतफेडीचा प्रश्नच मिटला. कॅरावॅनचं छत गळतं आहे असं क्लाइव्ह सांगेल आणि किल्ली परत घेईल. परीक्षित कॉर्नवॉलला जाईल. क्लाइव्ह घरी शांत बसेल.

आता डबा टाकायचा कुठे? क्लाइव्हने बिनाचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "चांगला डबा आहे रे," तो म्हणाला. परीक्षितच्याही हातून ते होईना. त्याच्या घरात आइस्क्रीमचे रिकामे डबेसुद्धा पिढ्यानपिढ्या टिकत असत. शेवटी शनिवारी दोघं गाडीत बसले, अकरा राउंडअबाउट ओलांडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, डबा देऊन आले.

"आई, डबा ऑफिसला नेला होता, तिथे हरवला," परीक्षितने घरी सांगितलं.

लीलावतीबाईंना अन्न गोड लागेना. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरून हरवली! क्लाइव्ह गळक्या छताचं सांगून किल्ली घेऊन गेला, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, डब्याचं मात्र फार वाटलं. तसाच दुसरा डबा मिळवायचा आणि गुपचूप भरून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

इथे एक गोष्ट या दोन हुशार पुरुषांना ठाऊक नव्हती. परीक्षित ऑफिसला आणि क्लाइव्ह बागेत गेला की दर मंगळवारी लीलावतीबाई आणि ग्लेनिस बसने हिंडायला जात. एकीला इंग्रजी बेताचं, दुसरीला मराठी शून्य, तरी दोघींच्या गप्पा संपत नसत. एकमेकींचे गुडघे, सुना आणि नवरे त्यांना पाठ झाले होते. आणि त्यांचं हिंडण्याचं आवडतं ठिकाण म्हणजे चॅरिटी शॉप्स. जवळची पाहून झाली की त्या लांबची धरत.

मंगळवारी परीक्षित घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक चमचाही नव्हता. सगळं आवरलेलं. आई खुर्चीत, वडील टॅबलेटमागे, अक्षया अजून यायची होती.

"बस," लीलावतीबाई म्हणाल्या.

परीक्षित बसला.

"डबा सापडला. बुडाला ग्लेनिसच्या नावाची पट्टी होती. तिनेच उचलला, मी शेजारी उभी. दुकानातली बाई म्हणाली, शनिवारी दोन गृहस्थ देऊन गेले. एक उंच इंग्लिश, एक इंडियन. दोघंही सारखे सॉरी म्हणत होते."

"आई, त्याचं असं झालं..."

"तिने तुझं नाव काढलं नाही, तिच्या नवऱ्याचंही नाही. 'हाउ लव्हली' म्हणाली आणि स्वतःचाच डबा विकत घेतला. भरून देते म्हणून मी तो तिच्या हातून काढून घेतला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं! तिने किल्ली दिली आणि आपण तिचा डबा दान केला? आता याची भरपाई चकल्यांनी व्हायची नाही, हे मला तिथेच कळलं. आणि तिचं छत गळत नाही म्हणे. ईस्टरला आपण जातोय, किल्ली पुन्हा घेतली मी."

"मग भरपाई म्हणून काय दिलंस?" परीक्षितने विचारलं. त्याला ते ऐकायचं नव्हतं.

लीलावतीबाईंनी दियाकडे पाहिलं. दिया मांडीवर आयपॅड घेऊन बसली होती.

"बाबा, इट वॉज सो ईझी," ती म्हणाली. "बुकिंगमध्ये मी तुमची नाव काढला आणि क्लाइव्ह-ग्लेनिसचा घातली. आजीने प्रिंट डबामध्ये ठेवली. वर लाडू पण."

"वाया कशाला घालवायचं?" लीलावतीबाई म्हणाल्या. "आपण तर सगळे कॅरावॅनला असणार."

तेवढ्यात दार उघडून अक्षया आत आली. घरातली शांतता तिला बरोबर वाटली नाही. "काय झालं? आपलं कॉर्नवॉल ठीक आहे ना?"

"डब्यात गेलं," परीक्षित म्हणाला.

तिने सगळं ऐकून घेतलं. सासूला ती काही बोलली नाही. नवऱ्याला तिने एकच विचारलं, "डबा दुकानात नेण्याची आयडिया कुणाची?" आणि वर निघून गेली. परीक्षितला आयुष्यात इतकं वाईट क्वचित वाटलं असेल. दिलेलं परत मागावं, असाही विचार त्याच्या मनात आला, पण तो विचार घेऊन शेजारच्या दारात उभं राहणं त्याच्या बारा वर्षांच्या इंग्रजपणात बसत नव्हतं आणि त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांच्या पुणेरीपणातही बसत नव्हतं.

ईस्टरला स्केग्नेसला चारही दिवस पाऊस पडला. पाच माणसं एका कॅरावॅनमध्ये पत्ते खेळली. आणि छत गळत होतं. क्लाइव्हने ठोकून दिलेली थाप खरी निघाली होती, आणि नेमकी परीक्षितच्या उशीवर. तिसऱ्या दिवशी फोनवर क्लाइव्हचा फोटो आला. खिडकीत निळाशार समुद्र, ऊन, मांडीवर नाश्त्याचा ट्रे. खाली लिहिलं होतं, 'माफ कर, दोस्त.' आणि दोन मिनिटांनी, 'अंडी अप्रतिम.'

परीक्षितने तो फोटो अक्षयाला दाखवला नाही. तिनेच मागून पाहिला. "चांगली दिसतात," ती म्हणाली आणि उशीच्या जागी ठेवायला भांडं शोधू लागली.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ग्लेनिस डबा घेऊन आली. आत कॉर्नवॉलची मिठाई. चाळीस वर्षांत आपण अशी सुट्टी घेतली नव्हती, असं म्हणताना तिचे डोळे पाणावले आणि तिने लीलावतीबाईंना मिठी मारली. ती गेल्यावर डबा टेबलावर उभा राहिला.

लीलावतीबाईंनी कमरेचा बटवा काढला आणि हलक्या हाताने त्यातून किल्ली काढली.

"आपला फ्लॅट मे अखेरपर्यंत बंदच आहे," त्या म्हणाल्या. "राहू देत त्यांना महिनाभर. तिनेही किल्लीच दिली होती."

ज्ञानेश्वरराव टॅबलेटमागून बाहेर आले. "अगं, एप्रिल-मे म्हणजे पुण्यात ऊन किती! तिसरा मजला, लिफ्ट बंद, दुपारचे दिवे जातात..."

"बाबा, असू दे," परीक्षित घाईने म्हणाला.

तो उठला. त्याने डबा स्वतः घासला, स्वतः पुसला, किल्ली आत ठेवली आणि लाल छातीच्या पक्ष्यावर तळहात दाबून झाकण घट्ट बसवलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो हसत होता. जिन्यात उभी राहून अक्षया पाहत होती, तिलाही हसू आवरेना.

"आणि आई, सुप्रभाकाकूंना आजच फोन कर," तो म्हणाला. "म्हणावं, समोर पाहुणे येताहेत. डबे काढून ठेवा."