रिकाम्या घराची सूट

सिद्धरामअण्णांनी घरातली सगळी फरशी उपटून काढली, स्वयंपाकघराची भिंत पाडली आणि दानम्माला घेऊन ते समोरच्या बोळात भाड्याच्या एका खोलीत जाऊन राहिले. मोठी दुरुस्ती काढून घर रिकामं ठेवलं तर घरपट्टीत सूट मिळते, असं त्यांना कचेरीत कळलं होतं. सूट मिळाली की तुझ्या ओट्याला काळा ग्रॅनाइट, असा शब्द त्यांनी बायकोला देऊन ठेवला होता.

पाहणीला साहेब येणार होते. त्यांनी चौकशी केली तर सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर यावं म्हणून अण्णा गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले, "आमचं घर रिकामंच हाय बरं का. एक माणूस न्हाय तितं."

गल्लीला एवढंच हवं होतं. हेमावतीनं माजघरात शेवया वाळत घातल्या. बिरप्पानं वळसंगहून आणलेली दोन करडं मागच्या दारी बांधली. सरदारबींच्या घरी एकदम सात पाहुणे उतरले, त्यांचीही सोय तिथंच झाली. साहेब आले तेव्हा पंगत बसली होती.

"हे रिकामं घर?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ह्यातलं एकबी आमचं न्हाय," अण्णा काकुळतीनं म्हणाले.

"तुमचं नसेल. पण राहतंय ना?"

"साहेब, उभं का? दोन घास खाऊन जावा की," सरदारबी म्हणाल्या.

साहेब भल्या स्वभावाचे होते. ते जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "आठवड्यानं परत येतो. तोवर खरंच रिकामं करा."

साहेबांची पाठ वळताच अण्णांनी पाहुणे, शेवया, करडं सगळं बाहेर काढलं. दानम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अवो, शेजाऱ्यास्नी असं हाकलत्यात व्हय? उद्या ह्यांच्यातच ऱ्हायाचंय आपल्याला." एवढं बोलून ती थांबली नाही. ती घरोघर जाऊन सांगून आली, "आमच्या खोलीवर या की."

दुसऱ्या दिवशी अण्णा दुपारी जेवायला आले तेव्हा खाटेवर पाहुणे होते, दोरीवर शेवया होत्या आणि खाटेखाली करडं. त्यांना उंबऱ्यावर बसून भाकरी खावी लागली. बाहेर सोलापूरचं ऊन, आणि जेवणानंतर डोळा लागला नाही की अण्णांचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकायचं.

"तू मला कुटं पडायला जागा ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"आपलं घर रिकामंच हाय की," दानम्मा म्हणाली.

ते खरंच होतं. हाशम मिस्त्री पुढच्या खोलीत फरशी बसवत होता. आतली खोली तयार होती, आणि नवी फरशी कशी गार लागत होती. घटकाभर पडावं म्हणून अण्णांनी एक चादर नेली. दुसऱ्या दिवशी उशी नेली. मग टेबलफॅन गेला, पाण्याची कळशी गेली, आणि बदलायला लुंगी खुंटीवर लटकली. तिकडं खोलीवर पाहुणे काही हलेनात, तेव्हा अण्णा रात्रीही इकडंच येऊ लागले. इतकी शांत झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आठवड्यानं ठरल्याप्रमाणे साहेब भर दुपारी आले. हाशमनं थापी खाली ठेवली.

"आता इथं कोणी शेजारीपाजारी?"

"एकबी न्हाय साहेब. मालकांनी समद्यास्नी हाकललं," हाशम अभिमानानं म्हणाला.

"छान केलं. आणि मालक कुठं राहतात?"

"हितंच की," हाशम म्हणाला. "आत झोपल्यात."

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. पंखा घरघरत होता आणि त्याच्या वरताण अण्णा घोरत होते. साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि उभ्याउभ्याच कागदावर दोन ओळी लिहिल्या.

"उठवू का?" हाशमनं विचारलं.

"नको," साहेब म्हणाले. "माणूस स्वतःच्या घरात झोपलाय, झोपू दे." आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांनी जाताना दार हळूच ओढून घेतलं.