उणे एकोणीसची घट

तीस वर्षं मी वसमतच्या मोंढ्यात हळदीचा मापाडी होतो. पोतं काट्यावर चढायच्या आत त्याची घट सांगायचो. माणसांचंही माप मी असंच काढतो, असं गाव म्हणतं आणि ते खोटं नाही. तेव्हा भिंतीवरचं एक डबडं मला काय फसवणार!

आमच्या प्रतीक्षाची अकरा वाजता इंटरनेटवरून मुलाखत होती. पुण्याच्या इंटरनेट कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. आदल्या दिवशी सरावाच्या वेळी चित्र अडकलं, तेव्हापासून पोरगी रडकुंडीला आलेली. सकाळी ती आंघोळीला गेली. तिच्या मोबाइलवर राऊटरचं पान उघडंच होतं. तारेतून येणाऱ्या सिग्नलची ताकद : उणे एकोणीस!

उणे म्हणजे घट. निघाला तेवढा माल पोचला नाही, वाटेत कुणीतरी हात मारला! आणि आमची तार येते शेजारच्या मल्हारीच्या मेंढवाड्यावरून.

"मल्हारी, आमचे एकोणीस काहून ओढून राहिलास?"

"एकोणीस काय, मेंढरं?"

"सिग्नल!"

"किसनराव, माझ्याकडं तर बावीस उणे हाय. मी कोनाला धरू?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" हे मी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणालो. चार बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या.

घरी आलो. दाराबाहेर जादा तारेचं परातीएवढं वेटोळं टांगलेलं. लांब पाइपात पाण्याचा जोर मरतो, तसा इथं सिग्नल मरत असणार! वेटोळं दुमडलं आणि पोत्याच्या तोंडाला मारतो तशी सुतळीची गाठ मारली. पान पाहिलं. उणे एकतीस!

"बघा! मल्हारीनं रागानं आणखी बारा ओढले!"

मी गाठ कचकन आवळली. राऊटरवर लाल दिवा लागला.

"बाबा, काय करून राहिलात तुमी?" प्रतीक्षा ओल्या केसांनीच धावत आली. साडेदहा झाले होते. तिनं तारवाल्या अंगदला फोन लावून माझ्या हातात दिला.

"काका, तारेत उजेड असतो. तो उण्यातच मोजतात. पंचवीसच्या आत असलं की बराबर. एकोणीस म्हणजे झकास! काल तर आख्ख्या गावाचंच बंद व्हतं. तार दुमडली न्हाई ना?"

"थोडी."

"किती थोडी?"

"पोत्याएवढी."

अंगद वारंगा फाट्यावर होता, यायला तास लागणार होता. गाठ सुटेना. मोंढ्यात माझी गाठ नावाजलेली होती! मी विळा उचलला, तर पोरीनं हातच धरला. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत बोलण्यापुरतीच.

उरलं एकच घर.

मल्हारीच्या दारात उभा राहिलो. मान वर होईना. "मल्हारी... पोरीला तासभर..."

"त्यात कायची तकलीफ? ये लेकरा, आत बस." मग माझ्याकडं वळून, "तुमी भाईरच बसा, किसनराव. आत आलात तर माझे बावीस मोजत बसताल."

घागरीवाल्या बाया अजून तिथंच. मी कोकरांमध्ये बसलो. खिडकीतून साहेबांचा आवाज आला. "सिग्नल सकाळपर्यंत उत्तम होता आणि अचानक बंद पडला. ग्राहकाला सगळ्यात आधी काय विचाराल?"

प्रतीक्षा क्षणभरही थांबली नाही.

"घरात कुणी जाणतं माणूस आहे का, ते!"

पलीकडं साहेब हसले, अलीकडं मल्हारी. पोरीला नोकरी लागली हो! मी मात्र बराच वेळ एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. तिथं तेवढं एकच माझ्याकडं बघून हसत नव्हतं.