सोपानआबा आणि विलायतची गाणी

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरात गाणं लागलं की थोड्या वेळात दारात सोपानआबा उभे राहतात. बेल वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. चौकटीला टेकतात, डोळे मिटतात आणि मान जराशी कलती करून ऐकतात. मग डोळे उघडून म्हणतात, "वारा न्हाई ह्याच्यात," आणि जिना उतरून जातात.

नवे भाडेकरू गोंधळतात. शिक्रापूरला कंपन्यांमुळे भाडेकरू सारखे बदलत असतात. तळमजल्यावरच्या एका बिचाऱ्या बिहारी पोरानं हे ऐकून पळत जाऊन पंखा लावला आणि "बैठिये बाबा" म्हणून खुर्ची दिली. आबा पंख्याखाली बसले, चहा प्याले आणि जाताना पुन्हा म्हणाले, "तरीबी न्हाई."

आबा मूळचे वडगाव रासाईचे, धनगर. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मुलगा कंपनीत लागला, मेंढरं विकली आणि आबा आमच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत राहायला आले. खांद्यावरची घोंगडी तेवढी सुटली नाही. मोबाईलवरची गाणी, गणपतीतला डीजे, वरच्या मजल्यावरच्या पोरीचा गाण्याचा क्लास, सगळ्यांना निकाल एकच. मी एकदा विचारलं, "आबा, वारा म्हणजे नेमकं काय हो?"

"मास्तर, माळावर गाणं म्हनलं की ते वाऱ्यावर जातं आन् माघारी येतं. ह्ये तुमचं भिंतीला धडकून खाली पडतं."

"मग तुम्हीच म्हणा की एखादं."

"म्या सोडलं," म्हणाले आणि उठून गेले. मुलाला विचारलं तर तोही म्हणाला, "आबा कधी गातच नाहीत. मी लहान असल्यापासून ऐकलं नाही."

मी शिरूरला कॉलेजात शिकवतो. यंदा थंडीत आमच्याकडं इंग्लंड-स्कॉटलंडकडचे लोककलावंत यायचे ठरले. एका संध्याकाळी मैदानावर त्यांच्या चार प्रकारच्या गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता. मी आबांना म्हटलं, "येता का? विलायतच्या शेतकऱ्या-मेंढपाळांची गाणी आहेत."

"त्यांच्यात मेंढरं असत्यात?"

"आपल्यापेक्षा जास्त."

आबा दुपारीच पागोटं बांधून खाली येऊन बसले.

कार्यक्रमात आम्ही पहिल्या रांगेत बसलो, कारण आबा थेट तिथंच जाऊन बसले. पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची होती ती, पण त्यांच्या पागोट्याकडं बघून कुणी बोललं नाही. आधी बॅगपाइप झाला. काखेत कातडी पिशवी दाबून एक लालबुंद गृहस्थ फुंकत होता. आबांनी डोळे मिटून ऐकलं. "हवा लई हाय," ते मोठ्यानं म्हणाले, "वारा न्हाई." मागच्या दोन रांगा हसल्या. मग फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, झालं. "बोटं चांगली हायती," एवढं मिळालं.

त्यानंतर पांढऱ्या कपड्यांतले सहा वयस्क पुरुष आले. नडग्यांना घुंगरं बांधलेली, दोन्ही हातांत रुमाल. रुमाल उडवत, उड्या मारत ते नाचायला लागले आणि आबा ताडकन उभे राहिले.

"मास्तर! आवो, ही तर गजी खेळत्यात!" बिरोबाच्या जत्रेत धनगर ढोलावर रुमाल घेऊन नाचतात, ती गजी. "आपलीच मानसं हायती. कुठल्या वाडीची, इचारा की!"

मी त्यांना कसंबसं खाली बसवलं. नाच संपेपर्यंत त्यांची टाच खुर्चीखाली ताल धरून होती.

शेवटी एक बाई आल्या. साठीच्या असतील. केस पांढरे, अंगात जाडाभरडा लोकरी स्वेटर, हातात वाद्य नाही. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी सांगितलं, की ह्या डोंगरातल्या मेंढपाळ घरातल्या आहेत आणि बर्फात चुकलेल्या मेंढीला हाका मारणारं गाणं म्हणणार आहेत. बाईंनी गायला सुरुवात केली. शब्द कळत नव्हते. मी आबांकडं पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते.

"हाय," ते हळूच म्हणाले. "वारा हाय."

गाणं संपलं. बाई म्हणाल्या, की तुमच्याकडचं असं एखादं गाणं ऐकायला आवडेल. मी काही बोलायच्या आत आबा उठले होते. घोंगडी सारखी करत ते स्टेजवर चढले. कुणीतरी माइक पुढं केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. एक हात कानावर ठेवला आणि ओवी सुरू केली.

सत्तरीच्या माणसाचा तो आवाज नव्हता. मैदानाच्या टोकाला भेळेच्या गाडीवरचे लोक वळून बघायला लागले. आबांनी एकच ओळ म्हटली, शेवटचा सूर लांबवला आणि थांबले. कानावरचा हात तसाच, मान कलती, नजर समोर अंधारात.

कुणालाच काही कळेना. मग एकानं टाळी वाजवली आणि सगळ्या मैदानानं वाजवली. आबा दचकले. हात खाली घेतला आणि पायऱ्या उतरायला लागले.

बाई मॅडमना घेऊन मागं आल्या. मॅडम म्हणाल्या, "त्या विचारतायत, तुम्ही मधेच का थांबलात?"

"मधी न्हाई थांबलो," आबा म्हणाले. "फुडची ओळ माझी न्हवती."

मॅडमनी ते सांगितलं. बाईंनी आबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

शिरूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना आबा आपणहून बोलले. ओवी एकट्यानं म्हणायची नसते. एकाची ओळ संपता संपता दुसऱ्यानं ती उचलायची, त्याला झील धरणं म्हणतात. आबांची झील त्यांचा धाकटा भाऊ बाळू धरायचा.

"भीमंच्या पल्याड दौंडाच्या बाजूला मेंढरं बसवली हुती. तिन्हीसांजंला बाळूला पान लागलं." साप चावला असं त्यांच्यात म्हणत नाहीत. "टेंपोत घातला, पुन्याच्या वाटंला लागलो. डोकं माझ्या मांडीवर. निजू द्यायचं नसतंय, म्हनून म्या ओवी लावली. म्हनलं, धर बाळू, झील धर. धरीत हुता, मास्तर. यवतपातुर धरीत हुता."

समोरून एक एसटी नुसतीच निघून गेली.

"फुडं म्या एकलाच म्हनत ऱ्हायलो. दवाखान्याच्या दारापातुर."

मी म्हटलं, "आबा, मला शिकवा. मी धरतो झील."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. हसले. "मास्तर, माझा दम कुठं तुटतो ह्ये बाळूला चालण्यावरनं कळायचं. तुम्ही चांगलं हायसा. पर ह्या वयात नवा भाऊ कुठनं शिकवू?"

आमची एसटी आली. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. गाडी शिरूरच्या बाहेर पडली, तसं त्यांनी घोंगडी कानावरून घेतली. मला वाटलं, झोपले. मग काचेत त्यांचा चेहरा दिसला. ओठ हलत होते. एका ओळीपुरते हलायचे, मग थांबायचे. बराच वेळ थांबायचे आणि मग पुन्हा हलायला लागायचे.