पाठराबेंच्या डब्यातला भात

उन्हाळ्यात आमच्या कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत. त्यांवर पाणी मारायला खाली बादल्या ठेवलेल्या असत. त्या बादलीत हात बुडवून गंगाधरराव पाठराबे टेबलांमधून फिरत, आणि ज्याची मान कलली असेल त्याच्या मानेवर पाणी शिंपडत. "काहून गा, झोपून राहिला? सरकारनं तुले खुर्ची देली, गादी नाही."

आता ते नाहीत. तरी दुपारी माझी मान अजूनही दचकून वर होते.

पाठराबे आमचे हेडक्लार्क. भातात झोप असते, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या डब्यात भाकरी-भाजीच असे, आणि भात खाणाऱ्याकडे ते दारुड्याकडे पाहावं तसे पाहत. एकदा टेबलाखाली वाकून चष्मा शोधणाऱ्या मोठ्या साहेबांच्या मानेवरच त्यांनी पाणी मारलं. माफी मागितली, पण वर म्हणाले, "आज नाही तर उद्या डुलकी लागलीच असती, साहेब."

सुशीलाबाई आवक-जावक सांभाळत. नवरा आमच्याच कचेरीतला, तो वारला तेव्हा त्याच्या जागी त्यांना घेतलं होतं. घरी दोन लहान मुली. सुशीलाबाईंवर पाठराबे पाणी शिंपडत नसत. टेबलावर हळूच टिचकी मारत, "जागी राह्य वं पोरी."

मग सरकारी खर्चात कपात आली. आमच्या शाखेतलं एक पद जाणार होतं. कोणाचं, ते वरचे अधिकारी स्वतः काम पाहून ठरवणार होते. सुशीलाबाई सगळ्यांत नवीन, तेव्हा त्यांचंच जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनीही. डबा आणत आणि तसाच परत नेत.

अधिकारी यायच्या दिवशी पाठराबेंच्या डब्यात भात निघाला. वरण, वर तूप. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ते सावकाश जेवले.

अधिकारी आत आले तेव्हा सगळे ताठ बसून लिहीत होते. पाठराबे टेबलावर डोकं ठेवून घोरत होते, चांगले मोठ्यानं. मी खांदा हलवला, उठले नाहीत. बादली शेजारीच होती, पण त्यांच्यावर पाणी शिंपडायचा धीर कोणालाच झाला नाही.

पद त्यांचं गेलं. मुदतीआधीच निवृत्त झाले. भातानं म्हाताऱ्याचा घात केला म्हणून आम्ही पुढं कितीतरी उन्हाळे हसलो. भेटले की तेही हसत. "सांगत होतो ना गा, भातात झोप असते."

शेवटच्या आजारात ते धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते. मी आणि सुशीलाबाई भर दुपारी भेटायला गेलो. ते झोपले होते. घोरणं सोडाच, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

त्यांच्या पत्नीनं आमच्यासाठी स्टुलं सरकवली. "लग्न झाल्यापासून यायले दुपारी झोपलेलं पह्यल्यांदा पाहून राहिली मी," त्या म्हणाल्या. "रविवारी ताटभर भात खायचे, तरी डोळ्याले डोळा लागे नाही."

मग, पाहुणे आलेत म्हणून, त्यांना उठवायला त्या वाकल्या. सुशीलाबाईंनी हात धरून त्यांना थांबवलं.

"झोपू द्या त्यायले," त्या म्हणाल्या.