तातेचे वामनभावजी

जरा जवळ सरका बघू. रागवायचं आहे, आणि ते लांबून नीट जमत नाही. नाशकात येता, गंगेवर आंघोळ करता, रामाचं दर्शन घेता आणि आमच्या गल्लीत न डोकावता परतीची गाडी धरता? मग वामनभावजी तुम्हाला भेटायचे कसे?

वामनभावजी आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. कचेरीत कारकून. समोर नवा माणूस आला की नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिला प्रश्न, "तात की तार?"

त्याचं असं झालं. विलायतेला परत निघालेल्या देवळालीच्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना आपली गिटार दिली. कमरेत बारीक, मान चांगली रुंद, आणि तिला तारा नाहीत, तात. मेंढीच्या आतड्याची. आवाज इतका मऊ, की पलीकडच्या खोलीत जेमतेम पोचेल. दुसरी गिटार असते पोलादी तारांची. ती खणखणीत वाजते, पण भावजींच्या लेखी ती गिटारच नव्हे. "वहिनी, तात बोलते. तार ओरडते!"

पुढे पुढे ते माणसंही अशीच वाटून टाकायला लागले. पोस्टमन तातेचा. दूधवाला तारेचा. आमच्या ह्यांना तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही पक्के तारेचे!" 'मी तारेचा नाही' म्हणून हे रात्रभर ओरडत होते.

तात कशाची ते कळल्यावर सासूबाईंनी गिटारीला आमच्या ओट्यावर बंदी केली. भावजी शांतपणे म्हणाले, "काकू, देवळातल्या मृदंगाला काय केळीचं पान लावलंय?" त्या दिवशी सासूबाईंनी मौन धरलं. तेवढीच घराला विश्रांती.

एकदा गणपतीच्या मेळ्यातले लोक म्हणाले, "वामनराव, हिलाच तारा चढवा की. चौकभर ऐकू जाईल." भावजी उसळलेच. "अरे, तारेची ओढ केवढी! हिची घोडी नुसती सरसाने चिकटवलेली. उपटून हातात येईल!" घोडी म्हणजे जिला तारा अडकवतात ती पट्टी.

आणि गेल्या थंडीत, एका रविवारी भर दुपारी, भिंतीपलीकडे काडकन आवाज. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले. बघते तर भावजी गिटार मांडीवर घेऊन बसलेले, घोडी उपटलेली, आणि तिला लोंबताहेत लख्ख पोलादी तारा.

"अगं बाई! कुणी केलं हे?"

"मीच."

"तुम्ही? अहो, जगाला बजावून सांगत होतात ना?"

भावजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांची बायको, यमूवहिनी, पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. एवढा आवाज झाला, पण वळल्या नव्हत्या.

"रोज संध्याकाळी मी इथे बसून वाजवतो," ते म्हणाले, "आणि हल्ली ही आतून विचारते, आज वाजवत नाही का हो?"



मग भावजींनी आपली सायकल देऊन देवळालीच्या कँपातून तारेची गिटार आणली. बोटं सोलवटली, तर हळद लावून पुन्हा बसले. पहिल्याच संध्याकाळी आतून वहिनींचा आवाज, "अहो, जरा हळू! शेजारी काय म्हणतील?"

भावजी धावत आमच्या ओट्यावर. "वहिनी, ऐकलंत? हळू म्हणाली!"

आता कचेरीत पायी जातात आणि आल्या आल्या वाजवायला बसतात. वैद्य म्हणतात, वहिनींना ऐकू येणं कमी कमीच होत जाणार. म्हणून सांगते, पुढच्या खेपेवर टाकू नका. लवकर या, आणि संध्याकाळच्याच या. यमूवहिनी अजून रागावताहेत, तोवर या.