कुणीही न बसलेली खुर्ची

मोठ्या कचऱ्याचा आठवडा लागला की आमच्या गल्लीतल्या बेव्हन पार्किनच्या अंगात वारं शिरायचं. लोक जुने सोफे, गाद्या, टीव्ही घरापुढच्या गवतावर काढून ठेवतात आणि सोमवारी महापालिकेचा ट्रक येऊन सगळं चिरडून नेतो. तोवर ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, कुणी हटकत नाही. बेव्हन उजाडताच गाडीला ट्रेलर जोडून निघायचा. त्याच्या घरातलं टेबल एका दंतवैद्याचं होतं, पलंग एका घटस्फोटातला होता, आणि पडदे कुणाचे होते ते न विचारलेलंच बरं.

त्याची बायको नोएलीन शाळेच्या कॅन्टीनमध्ये सकाळी सातपासून उभी राहून मुलांना खिम्याच्या पेस्ट्र्या आणि सॉसेज रोल विकायची. घरी आली की बसायला होता तो कुणाचा तरी सोफा, त्यात कुणाच्या तरी बुडाने पाडलेला खड्डा. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या खड्ड्यांत बसत आली होती. साठाव्या वाढदिवसाला तिला एकच गोष्ट हवी होती, जिच्यावर आधी कुणीही बसलेलं नाही अशी आरामखुर्ची. बेव्हनकडे मागण्यात अर्थ नव्हता. तिने दोन वर्षं पगारातून बाजूला काढलं आणि गुपचूप दुकानात क्रीम रंगाची खुर्ची सांगून आली. या आठवड्यात नवरा दिवसभर भटकत असतो, म्हणून तिने ती मुद्दाम गुरुवारी मागवली, घरी कुणी नसलं तर दारापाशी ठेवून जा असं सांगून. अतिहुशारी नडते ती अशी.

गुरुवारी दुकानाची माणसं आली तेव्हा बेव्हनने गोळा केलेल्या सामानाने दारापर्यंतची वाट अडली होती. त्यांनी दोनदा हाक मारली, कुत्रा तेवढा भुंकला. मग त्यांनी खुर्ची गवतावर, बेव्हनने टाकायला काढलेल्या ढिगाशेजारी ठेवली आणि ती माणसं चालती झाली.

दुपारी बेव्हन परतला आणि भडकलाच. आपला कचरा गुपचूप दुसऱ्याच्या ढिगावर आणून टाकणारे हरामखोर या गावात काही कमी नाहीत. पण जवळ जाऊन बघतो तर खुर्ची बरी दिसत होती. शेजारचा क्लॅरी कुंपणावरून वाकून म्हणाला, की प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.

"तेच तर," बेव्हन म्हणाला. "धडधाकट खुर्ची कोण फेकेल? यात काहीतरी खोट आहे."

धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणणारी माणसं पुष्कळ. बेव्हन गाईचा जबडा उघडून बसणाऱ्यांतला. त्याने प्लास्टिक फाडलं, खुर्ची उलटी केली, पाय हलवून बघितले. पाय पक्के होते, म्हणजे खोट आत असणार. त्याने चाकूने खालचं कापड चिरलं. आत उंदीर नाही, गंज नाही. मग राहिले ढेकूण. त्याने ढेकणांच्या औषधाचा अख्खा डबा फवारला आणि वास जाईना म्हणून वरून पाइपने पाणी मारलं. ती उन्हात वाळत असताना टफी, म्हणजे कुत्रा, तिच्यावर झोपला. वाळल्यावर क्लॅरी बसला, मग बेव्हन बसला. दोघांनी आळीपाळीने एकेक बिअर घेतली आणि खुर्ची उत्तम आहे असं ठरवलं. फक्त रंग मळखाऊ नव्हता. बेव्हनने एक तपकिरी पडदा काढला आणि स्टेपलर मारून मारून तिला चांगला बसवला.

चार वाजता नोएलीन आली. बेव्हनने तिला हाताला धरून खुर्चीपुढे उभं केलं.

"बघ, काय मिळालंय. फुकट."

नोएलीनने पडद्याची कड वर केली. खाली क्रीम रंग होता.

"कुणी बसलं यावर?" तिने विचारलं.

"मी, क्लॅरी, टफी. एकदम मजबूत आहे."

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, दुकानाच्या नावापासून दोन वर्षांच्या पगारापर्यंत सगळं. बेव्हनने आधी किंमत विचारली. ती ऐकून तो त्याच खुर्चीत बसला.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर घेऊ दिली असतीस?"

बेव्हनने विचार केला. माणूस चिक्कू होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

नोएलीन आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा प्यायली. ते मात्र बेव्हनला बघवेना. बायकोवर त्याचा जीव होता. तो दाखवायला आजवर काही खर्च आला नव्हता, एवढंच. शनिवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून निघाला. ट्रेलर रिकामा होता आणि खिशात पैसे होते. लग्नानंतर पहिल्यांदा तो फर्निचरच्या दुकानात चालला होता.

अकराच्या सुमारास तो परतला. ट्रेलरवर तशीच क्रीम रंगाची खुर्ची होती, ना पडदा ना औषधाचा वास. नोएलीन दारात आली. तिने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत या माणसाला एकदा तरी समजलं, असं तिला खरोखर वाटलं. बेव्हनने ती एकट्याने उचलून बैठकीच्या खोलीत आणली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"निम्म्या किमतीत," तो म्हणाला.

"निम्म्या कशी?"

"दुकानात मांडून ठेवलेली होती ना, तीच मागितली. दोन वर्षं दारातच होती. येणारे-जाणारे जरा टेकून बघायचे, तेवढं सोडलं तर एकदम नवी."

तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला. शनिवार असूनही नोएलीन सकाळपासून पायांवर होती, शाळेच्या मैदानावर नेटबॉलच्या सामन्यांना पेस्ट्र्या विकून नुकतीच घरी आली होती. मग ती बसली.