खुशालरावांची निर्धूर अकोला-स्वारी

"ज्या मोटारीनं तुह्या भावाचं धोतर काळं केलं, तेच मोटार त्याच्याच फाटकातून आत नेतो. धुराचा एक धागा जरी निंघाला, तर नावाचा खुशालराव नाही."

अशी घनघोर प्रतिज्ञा राजापेठेतील खुशालरावांनी भर जेवणात केली आणि ती करताना वरणाची वाटी इतक्या त्वेषाने ताटात आपटली की, भिंतीवरील दिनदर्शिकेचा संपूर्ण पहिला आठवडा पिवळा झाला.

"पह्यले वरन पुसा," त्यांच्या सहधर्मचारिणी कौशल्याबाई म्हणाल्या, "मंग मोटार न्या."

वाचकहो, या प्रतिज्ञेचे मूळ मागील हिवाळ्यातील एका लग्नात होते. खुशालरावांची मोटार जुनी, कार्बोरेटरची आणि पेट्रोलच्या बाबतीत अत्यंत उदार मनाची होती. त्या लग्नात कौशल्याबाईंचे थोरले बंधू, अकोल्याचे महादेवराव, मोटारीच्या मागे उभे राहून फेटा सावरीत असता खुशालरावांनी नेमका ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. पांढरेशुभ्र धोतर क्षणार्धात कोळशाच्या पोत्यासारखे झाले. तेव्हा महादेवराव वऱ्हाडी मंडळींसमक्ष बोलले होते, "भाऊजी, हे धुरांडं माह्या फाटकाच्या आत आनू नका."

आता त्याच महादेवरावांच्या कन्येचा, प्रणालीचा, साखरपुडा येत्या रविवारी अकोल्यास होता. कौशल्याबाईंनी बसने जाण्याचे सुचविले. परंतु कोणते वाहन कोणाच्या दारात न्यावे हे मेहुण्याने ठरवावे, ही कल्पनाच खुशालरावांच्या मस्तकात तापलेल्या सळईसारखी शिरली होती.

"तुमचं दोघाचं होते भांडन, अन् माहं माहेर बंद होऊन राहिलं," कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "या खेपीले पुन्हा धूर झाला, तर दादाच्या दारात मले तोंड दाखवता येनार नाही. एवढं ध्यानात ठेवा."

खुशालरावांनी ते ध्यानात ठेवले आणि म्हणून ते अधिकच रागावले.

उपाय त्यांच्या कन्येने सुचविला. आरती एका शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकवीत असे. "बाबा, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवा, वाइडबँडवाला. पेट्रोल किती अन् हवा किती, थे मीटरवर दिसते. आकडा चौदाच्या आसपास पायजे. वर गेला म्हनजे पेट्रोल कमी, खाली आला म्हनजे जास्त. त्या हिशोबानं स्क्रू फिरवायचा. धूर बंद."

मोटारीची नाडी पाहणारे यंत्र अस्तित्वात आहे हे ऐकून खुशालरावांना, असे यंत्र आजवर आपल्यापासून दडवून ठेवल्याबद्दल सर्व जगाचा राग आला. पार्सल आले. पाइपाला भोक पाडून त्यावर सेन्सरचा नट बसविण्यासाठी ते वेल्डिंगच्या दुकानी गेले. तेथील कारागीर पाइप न्याहाळून म्हणाला, "काका, जोड पक्का करून देतो, पन पाइपाचा भरोसा नाही. तुमची मोटार गेल्यावरही माहं वेल्डिंग राहीन." खुशालरावांनी त्याच्याशी पुढील काम संपेपर्यंत अबोला धरला.

त्यानंतर तारांचे काम आले. सूचनापत्रात असे होते की, लाल तार अशा तारेला जोडावी, जिच्यात किल्ली फिरविल्यावर वीज येते. खुशालरावांनी हाताशी आलेली पहिली तार पकडली. ती हॉर्नची होती. परिणामी, मीटर पेटले खरे. परंतु हॉर्न वाजत असेल तेवढाच वेळ. आणि सेन्सर तर गरम झाल्यावाचून जागा होत नाही! तेव्हा खुशालराव दात-ओठ खात हॉर्नवर तळहात रोवून बसले. समोरच्या माडीवरील शिकवणीवर्गातील मुले खिडक्यांत गोळा झाली. तीन ऑटोवाल्यांनी आपापल्या ऑटो निष्कारण बाजूला घेतल्या. कौशल्याबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या.

"काहून बोंबलवून राहिले त्याले?"

"बोंबलवत नाही. सेन्सर गरम करून राहिलो."

"मंग चुलीवर ठेवा ना बापा. गल्लीनं काय पाप केलं?"

अखेर लाल तार योग्य जागी गेली, काळी तार मोटारीच्या अंगाला कसली गेली आणि मीटर डॅशबोर्डवर कुंकवाच्या टिळ्यासारखे झळकू लागले. आता एकच विधी उरला. सेन्सर पाइपात बसविण्यापूर्वी त्याला उघड्यावरची शुद्ध हवा दाखवावी आणि बटन दाबावे, म्हणजे शुद्ध हवा कशाला म्हणतात हे त्याला कळते आणि पुढील सर्व मोजमाप तो त्यावरून करतो, असे सूचनापत्र सांगत होते.

"राजापेठेत शुद्ध हवा?" खुशालराव गरजले. "इथं ऑटोचा धूर, भज्याच्या कढईचा धूर. वावरात जाऊ."

आणि शनिवारी सारे शेतावर निघाले. आता वऱ्हाडातील माणूस सहकुटुंब शेतावर जातो आणि तेथे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, होत नाहीत, असे घडत नसते. कौशल्याबाईंनी कणीक, वांगी, तुरीची डाळ, तुपाचा डबा आणि गोवऱ्यांचे पोते डिक्कीत घातले. "दादाले रोडगे लय आवडतात. थोडे जास्तच भाजते, उद्या संगं नेऊ. तोंड गोड नाही झालं तरी तिखट होईन."

शेतात सावलीचे झाड एकच, एक निंब. ऊन तर असे की, चपलेचे रबर मातीला चिकटावे. म्हणून निंबाच्या एका अंगाला मोटार लागली आणि दुसऱ्या अंगाला गोवऱ्या पेटल्या. एका सावलीत खुशालरावांचे शास्त्र आणि कौशल्याबाईंचे स्वयंपाकघर असा शेजार झाला. खुशालरावांनी तारेला लोंबणारा सेन्सर हातात उंच धरला. तोच वारा फिरला आणि गोवऱ्यांचा दाट, निळसर धूर त्यांच्या मिशांतून वाहू लागला.

"बाबा, धूर येऊन राहिला," आरती म्हणाली. "गाडी जराशी तिकडं घ्या."

"हा धूर नाही."

"मंग काय हाय?"

"हा गोवरीचा हाय," खुशालराव डोळ्यांतील पाणी पुशीत ठामपणे म्हणाले. "मोटारीचा तो धूर. गोवरीचा शुद्ध असते. माह्या आज्यानं नव्वद वर्षं खाल्ला."

"सेन्सरले थे कुठं मालूम?"

"आता मालूम होईन." आणि त्यांनी बटन दाबले. मीटर एकवार मिचमिचले आणि त्यावर शुद्ध हवेची खूण स्थिर झाली. आरती पुढे काही बोलणार होती. पण तेवढ्यात राखेतून पहिला रोडगा बाहेर निघाला, त्यावर तुपाची धार पडली, आणि विज्ञान तेथेच थांबले.

जेवणानंतर सेन्सर पाइपात बसला. मोटार सुरू झाली. मीटरवर आकडा उमटला : अठरा.

खुशालराव त्या आकड्याकडे पाहतच राहिले. अठरा म्हणजे पेट्रोल कमी. म्हणजे ही मोटार उपाशी होती! जिला सारा गोतावळा खादाड म्हणून हिणवीत होता, ती बिचारी आजवर अर्धपोटी धावत होती. त्यांनी बॉनेटवरून हात फिरविला आणि लगेच कौशल्याबाईंकडे वळले.

"पाहा. तुहा भाऊ हिले धुरांडं म्हनते. उपाशी हाय ते." आणि त्यांनी पेट्रोलचा स्क्रू सढळ हाताने सैल केला.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. बडनेरा मागे पडताच एका मोटारसायकलवाल्याने बाजूला येऊन दोन्ही हात हलविले. खुशालरावांनी प्रतिनमस्कार केला. पुढे समोरून येणाऱ्या एका ट्रकने त्यांच्या बाजूने जाताच भर उन्हात दिवे लावले. मागील काचेतून काहीच दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या ठेकेदाराला धुळीबद्दल शिव्या दिल्या.

"मांगं पाहा जरासं," कौशल्याबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या.

"मांगं पाहून मोटार चालवत नसतात. मीटर पुढं हाय. अजून सोळा दाखवते. अजून भूक हाय तिले."

मूर्तिजापूरजवळ चहासाठी थांबताच हॉटेलवाल्याने, मोटार पेटली या समजुतीने, हौदातील पाण्याची बादली थेट बॉनेटवर ओतली. खुशालरावांनी त्या परोपकारी गृहस्थाची कॉलर धरली. "कोनं सांगतलं पेटली म्हनून?"

"भाऊ, आकाशानं सांगतलं. वर पाहा."

खुशालरावांनी वर पाहिले नाही. मीटर पाहिले. ते अद्यापही पेट्रोल कमी असल्याचे सांगत होते. "शंभर मानसं खोटं बोलतीन, यंत्र बोलत नाही," असे म्हणून त्यांनी स्क्रू आणखी अर्धा वेढा सैल केला.

"बाबा, शनिवारी मी म्हनलं होतं—"

"तू चूप बस. तू मामाची भाची हायेस."

अकोल्यात महादेवरावांच्या अंगणात मांडव पडला होता. नवरदेवाकडील मंडळी पांढरेशुभ्र कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती. बहिणीने रोडगे आणत असल्याचा फोन केला होता, म्हणून फाटकाच्या आतील कोपऱ्यात महादेवरावांनी स्वतःच्या हाताने गोवऱ्या पेटवून ठेवल्या होत्या. रोडगे निखाऱ्यावरच गरम व्हावेत असा त्यांचा कटाक्ष असे. कोरे धोतर नेसून ते फाटकाच्या कडेला उभे होते.

"या भाऊजी. गाडी तेवढी बाहेर राहू द्या."

हेच ते वाक्य, ज्याची खुशालराव आठवडाभर वाट पाहत होते.

"बाहेर काहून? आज उलटी आनतो. सायलेन्सर पुढं अन् मी मांगं. सगळ्यायनं डोळ्यानं पाहावं."

"अहो, नका ना," कौशल्याबाई म्हणाल्या. परंतु मोटार वळली होती. खुशालरावांनी किल्ल्यावर तोफ चढवावी तशा थाटाने तिची पाठ मांडवाकडे केली, मीटरवर अखेरची विश्वासाची नजर टाकली आणि पाय दाबला.

पुढे जे घडले त्याला धूर म्हणणे अपुरे आहे. प्रथम मांडवाचा दर्शनी खांब नाहीसा झाला, नंतर पहिली रांग, नंतर दुसरी. आतून खोकल्याचे विविध आवाज आले. मोटार फाटकातून आत शिरून कोपऱ्यातील गोवऱ्यांच्या बाजूला आचके देत बंद पडली. धूर विरला तेव्हा महादेवराव होते तेथेच उभे होते. फक्त त्यांचे डोळे पांढरे होते.

कौशल्याबाई मोटारीतच बसून राहिल्या. रोडग्यांचा डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

"दादा," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मी उतरू का नको?"

महादेवराव धोतराचा काळा सोगा हातात धरून त्याकडे पाहत होते. खुशालरावांना ते पाहवले नाही. पाना घेऊन ते मोटारीखाली शिरले, तापलेला सेन्सर चटके खात पाइपातून उपटला आणि, "खोटारडं," असे ओरडून त्यांनी तो भिरकावला. तार मोटारीतच अडकलेली असल्यामुळे तो फार दूर गेला नाही. तो शेजारच्या गोवऱ्यांच्या धुरात जाऊन लोंबकळू लागला.

किल्ली चालूच राहिली होती. आरतीने मीटरकडे पाहिले.

"बाबा, आता बरोबर दाखवून राहिलं. शुद्ध हवा."

"काय?"

"वावरात तुमी त्याले गोवरीचा धूर दाखवून सांगतलं ना, का हेच शुद्ध हवा. मंग खरी हवा त्याले जास्तीच वाटे. म्हनून थे सारखं पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हने."

महादेवरावांनी काळ्या चेहऱ्याने बहिणीकडे पाहिले. "गोवऱ्या काहून पेटवल्या होत्या वावरात?"

"रोडग्यासाठी. तुह्यासाठी, दादा."

महादेवरावांनी एकदा गोवऱ्यांकडे आणि एकदा रोडग्यांच्या डब्याकडे पाहिले. "जळले तर नाहीत ना?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मंग उतर, कौशे. बसून काहून राहिली?"

पहिल्या रांगेतील नवरदेवाचे वडील उपरण्याने तोंड पुसत उठले. आता हे सोयरिक मोडतात की काय, म्हणून सर्वांनी श्वास रोखला. त्यांनी डब्यात डोकावून पाहिले. "व्याही," ते म्हणाले, "वांग्याची भाजी पन आनली का?"

मोटार चौघांनी ढकलून फाटकाबाहेर नेली. साखरपुडा झाला. छायाचित्रांत दोन्हीकडील मंडळी एकाच रंगाची दिसत असल्यामुळे सोयरिक फार जुळून आल्यासारखी वाटते.

खुशालराव पंगतीच्या टोकाला, भाजलेल्या बोटांना तूप लावून, रागाने धुमसत बसले होते. राग मोठा होता. अडचण इतकीच की, तो काढावा कोणावर हे समजत नव्हते. यंत्र त्याला शिकवले तेच बोलले होते. मेहुण्याने शिवी दिली नव्हती. बायकोने प्रेमाने रोडगे केले होते, आणि आजोबांना तर स्वर्गवासी होऊन पुष्कळ काळ लोटला होता. उरले ते स्वतः. स्वतःवर रागावण्याचा त्यांना सराव नव्हता.

म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवून आणखी एक रोडगा मागितला.